सॅनेटोरियमला जाताना

चेन्नईच्या मेट्रोत पहिल्यांदा बसले तेव्हा मला राग आला. सेंट्रलला उतरून मन्नडीला जायचं होतं. जमिनीखालचं ते स्टेशन, फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटावी, आणि वरून गार हवेचे झोत. बॅग यंत्रातून गेली, दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं. जमिनीच्या पोटात माणसाला नीट श्वास घेता यावा म्हणून या शहराने केवढी यंत्रं बसवली होती! आणि बरोबर त्याच्या वर, दोन गल्ल्या सोडून, माझा चुलता ज्या खोलीत भट्टीपुढे बसत होता तिथे तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, धूर जायला एक खिडकी होती. तीही समोरच्या घराने तक्रार केली म्हणून निम्मी खिळे मारून बंद केलेली.

मी कराडला एका लहानशा कामगार संघटनेत काम करते. काम म्हणजे पत्रकं लिहायची, छापून आणायची आणि स्टँडवर उभं राहून वाटायची. उंब्रजला सकाळी वाटलेलं पत्रक दुपारी वडापावाखाली सापडतं, याची मला सवय आहे. पण गलाईवर पत्रक काढायचं म्हटलं की आमच्याच भागातली माणसं हात आखडतात. विट्याकडची निम्मी घरं गलाईवर उभी आहेत. सोनारांकडचं जुनं सोनं, त्यांच्या दुकानातली झाडलोट, सगळं वितळवून, तेजाबात उकळून शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. देशातल्या कुठल्याही शहरात सराफकट्ट्यामागच्या बोळात जा, आपल्याकडचा माणूस भट्टीपुढे बसलेला असतो. गावाकडे मात्र भट्टीचं नाव कुणी काढत नाही. गावाकडे सगळ्यांची ‘दुकानं’ असतात. चेन्नईला दुकान हाय, कोलकात्याला दुकान हाय. लग्नाच्या बोलणीत तर कामगार हा शब्दच नसतो.

काकी म्हणाली म्हणून मी गेले होते. ती म्हणाली, “त्यास्नी घिऊन ये. फोनवर बोलता बोलता मधीच थांबत्यात. मी हॅलो हॅलो करती, तिकडनं नुसतं फुसफुस ऐकू येतं. इचारलं तर म्हंत्यात रेंज न्हाई. रेंजला काय दम लागतो व्हय गं?”

दुकान माडीवर होतं. मालक आमच्याच गावचा, भावकीतलाच. जिना चढताना आधी वास आला. सडकं लिंबू आणि गंजलेलं लोखंड एकत्र जाळावं तसा. मग काका दिसले. दरवर्षी गावच्या यात्रेला येतो तो माणूस वेगळा आणि हा वेगळा. बनियनला भोकं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, नखं पिवळी. मला बघून ते हसले आणि हसण्यानेच खोकला लागला.

गल्लीतल्या डॉक्टरने महिनोन्‌महिने खोकल्याची बाटली दिली होती आणि शेवटी हात टेकून सांगितलं होतं, सॅनेटोरियमला जा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांबरमच्या अलीकडे, त्याच नावाचं स्टेशन आहे, तिथे छातीचा मोठा सरकारी दवाखाना आहे. काका गेले नव्हते. का, तर वाट माहीत नाही. वीस-बावीस वर्षं या शहरात काढलेला माणूस. दुकान, खानावळ, कोपऱ्यावरचं देऊळ आणि वर्षातून एकदा गावाकडे जायला सेंट्रल. एवढंच त्यांचं चेन्नई. मी आदल्या दिवशी आलेली, तमिळचं एक अक्षर न येणारी, आणि वाट मी दाखवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायला त्यांनी किती वेळ लावावा! गलाईच्या दुकानातून सोन्याचा कणही बाहेर जाऊ देत नाहीत. हात धुवायचे ते एका पिंपात, आणि ते पाणी फेकायचं नाही. केस झटकायचे ते कागदावर. कामाचं बनियन आणि चड्डी दुकानातच ठेवायची; ती फाटली की जाळतात आणि राखेतून सोनं काढतात. दवाखान्याला निघालेला माणूसही त्यातून सुटत नाही. काका पिंपावर वाकून हात घासत होते, मग कागदावर मान खाली घालून केस विंचरत होते, आणि दर वाकण्याला त्यांचा श्वास मध्येच अडकत होता. मालक शेजारी गादीवर बसून फोनवर भाव विचारत होता. त्याला काही सांगायची गरजच नव्हती. काका स्वतःच कागद दुमडून डब्यात झटकत होते.

म्हटलं, “काका, राहू द्या की आता.”

“शिस्त हाय बाय. मोडून चालत न्हाई.”

मग ते आतून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, आणि शर्टावर सोन्याची चेन. ती चेन मी लहानपणापासून ओळखत होते. यात्रेला काका आले की गल्लीत आधी चेन दिसायची, मग काका.

“दवाखान्यात चेन कशाला?”

“माणसानं भाईर पडताना नीट दिसावं. चल.”

बीच स्टेशनपर्यंत रिक्षाने गेलो. इथे मेट्रोची गार हवा नव्हती. लोकल गाडी, लोखंडी बाकं, उघडी दारं, आणि सकाळची गर्दी उलट्या दिशेने असल्यामुळे आमचा डबा बऱ्यापैकी मोकळा. स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाने काकांकडे, मग चेनकडे बघितलं आणि “सेट्टु” म्हणून तिकीट पुढे सरकवलं. उत्तरेकडून आलेल्या व्यापाऱ्याला तिथे असं म्हणतात. काकांनी मान ताठ केली. मला ते बघवलं नाही.

गाडी सुटली. मी दारावरच्या तमिळ पाटीकडे बघून घाबरले होते, कुठे उतरायचं हे कळणार कसं? पण पहिलं स्टेशन आलं आणि काकांनी माझा दंड धरला.

“अगं, हे आपल्या अक्षरात बी लिवलंय की!”

फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर तीन लिप्या होत्या, त्यातली एक देवनागरी. फोर्ट. मग पार्क. मग एग्मोर. काका बाकाच्या कडेला सरकले आणि प्रत्येक पाटी मोठ्याने वाचू लागले. चेटपेट. नुंगंबाक्कम. कोडंबाक्कम. एकेक अक्षर जोडत, मध्ये दम खात. शाळेतून काढून भट्टीवर आणलेला माणूस तो. इतकी वर्षं हे शहर त्यांना मुकं वाटत होतं, आणि ते त्यांच्या लिपीत बोलत होतं. फक्त त्याच्या गाडीत बसायला कुणी सुट्टी दिली नव्हती.

“एवढं सोपं हाय व्हय,” ते म्हणाले. “मला वाटलं लय अवघड असंल.”

मांबलमला फुलांची टोपली घेऊन एक बाई चढली आणि आमच्यासमोर बसली. काकांचा खोकला ऐकून तिने पाण्याची बाटली पुढे केली. मग चेनकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, हाताने हिसका मारून दाखवला आणि शर्टात घाला अशी खूण केली. तमिळ येत नसलं तरी ते कळलं. काका हसले, मान हलवली आणि चेन होती तशीच बाहेर ठेवली. बाईने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

पुढे विमानतळ लागतो. अगदी डोक्यावरून एक विमान उतरलं. काका मान वळवून बघत राहिले. “शेठ ह्यातनं येतो कवा कवा,” ते म्हणाले. “गावाकडनं जेवून निघतो, हितं येऊन परत जेवतो.” यात तक्रार नव्हती. मला त्याचीच चीड आली, तक्रार नसण्याची.

सॅनेटोरियमला उतरलो. फलाटावरचा नळ दिसला तसा काकांनी तोंड धुतलं, आणि ओंजळीतलं पाणी खाली पडताना एकदम थांबून इकडेतिकडे बघू लागले. पिंप शोधत होते. पुढे जिना होता. चार पायऱ्या चढायच्या, कठड्याला धरून उभं राहायचं. आमच्या मागून येणारी माणसं घाई असूनही बाजूने जात होती. त्या स्टेशनवर असं थांबणारी माणसं त्यांना नवी नसावीत.

डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यांना थोडंफार हिंदी येत होतं. नाव, वय विचारून झालं. मग विचारलं, काम काय करता?

“अपना दुकान है,” काका म्हणाले. “सोने का.”

बाईंनी चेनकडे बघितलं. “दुकान में बैठते हैं?”

“हां. गद्दी पे.”

मी तोंड उघडलं, तर काकांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. बाईंनी लिहून घेतलं. विडी? नाही. घरात कुणाला टीबी? नाही. धूळ, धूर? काका म्हणाले, “नहीं जी, एसी है.” एसी! त्या खोलीत पंखासुद्धा बंद ठेवतात, सोन्याची धूळ उडू नये म्हणून. डॉक्टरपुढे, छाती फाटत असताना, हा माणूस गावच्या पारावरचं उत्तर देत होता. विट्याच्या बाजाराला दिलेलं उत्तर. सोयरिकीला दिलेलं उत्तर. इतकी वर्षं तेच दिल्यावर दुसरं तोंडात येणार कुठून?

एक्सरेला पाठवलं. तिथल्या माणसाने गळ्याकडे बोट दाखवलं, काढा. काका चेन मुठीत धरून उभे राहिले. तो म्हणाला, मूठ नको, हात मोकळे. तेव्हा कुठे त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि कानाशी येऊन म्हणाले, “नीट धर. आपली न्हाई ती.”

दार बंद झालं. मी चेन हातात घेऊन बाकावर बसले. चेनची कडी अडकते त्या फाशाला काळ्या दोऱ्याची एक गाठ मारलेली होती, ओळखू यावी म्हणून. मालकाची खूण, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. यात्रेला जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात दुकानाची चेन घालून पाठवायची, परत आला की काढून घ्यायची. गावात दुकानाची पत राहते, माणसाचीही. आणि पुढच्या वर्षी चेन बघून आणखी कुणीतरी आपला भाऊ, आपला मेहुणा भट्टीवर पाठवतो. मी इतकी पत्रकं लिहिली आहेत, पण याच्याइतकं काम करणारं पत्रक मी तोवर बघितलं नव्हतं.

परत डॉक्टरांकडे गेलो. पडद्यावर काकांची छाती होती. बाई पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, गादीवर बसणाऱ्या माणसाची ही छाती नाही.

मी म्हटलं, “भट्टी पे बैठते हैं. नौकर हैं. तेजाब उबालते हैं.”

“गप बस!” काका ओरडले आणि त्या ओरडण्याने वाकून खोकू लागले. बाईंनी उठून त्यांचा हात धरला आणि उजेडात नेऊन नखं बघितली, एकेक बोट. मग सावकाश सांगितलं. टीबीची तपासणी करू, पण हे तेवढंच नाही. जे गेलं आहे ते परत येणार नाही. उरलेलं वाचवायचं असेल तर भट्टीजवळ एक दिवससुद्धा नको.

परतीच्या गाडीत काकांनी एकही पाटी वाचली नाही. पल्लावरम गेलं, विमानतळ गेला. मी गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी मीच बोलले. म्हटलं, आजच सामान बांधायचं. उद्याची गाडी. हवं तर मी मालकाशी बोलते.

“आणि गावात काय सांगू?”

“आजारी आहे म्हणून सांगा. खरं आहे ते सांगा.”

“खरं,” ते म्हणाले. “तू छाप की मग तुझ्या कागदावर. लोकं भजी खातील माझ्यावर.” थोडं थांबून, दम आल्यावर: “बनियन जाळून सोनं काढत्यात. मी मेलो की शेठला म्हण, छातीबी जाळून बग. तोळाभर तरी निघंल.”

ते स्वतःच्या विनोदावर हसले. समोरच्या बाकावर एक मुलगा कानात वायरी घालून झोपला होता. बाहेर कोडंबाक्कमची पाटी आली नि गेली.

मालकाशी मी बोलले. खरं तर भांडले. खिडकी, धुराडं, मास्क, सगळ्याचा विषय काढला. तो शांत होता. “आवं ताई, मी काय राक्षस हाय का? मीबी ह्याच भट्टीवर धा वर्सं काढली. धुराडं वाढवतो म्हटलं तर समोरचा पोलीस बोलावतो. मास्क आणलं व्हतं, कोण घालत न्हाई, घाम येतो म्हंत्यात.” आणि बोलता बोलता तोही खोकला. काकांना जायला त्याने आडकाठी केली नाही. पगार दिला, वर गाडीभाडं दिलं. फक्त काकांनी दबकत चेनचं विचारलं, एवढं घरी जाईपर्यंत, पोचलो की कुणाबरोबर तरी लावून देतो, तेव्हा त्याने मान खाली घातली.

“नाना, यात्रंला जाणाऱ्याची ती. काम सोडून जाणाऱ्याला कशी दिऊ? उद्या सगळीच मागतील.”

काकांनी चेन काढली. आधी पिंपात हात धुतले, मग कोरड्या हाताने त्याच्या तळव्यात ठेवली. रागाने नाही. वस्तू तपासून परत करावी तशी.

दुसऱ्या दिवशी सेंट्रलवर गाडीची वाट बघताना त्यांनी बाहेरच्या फेरीवाल्याकडून एक मफलर घेतला. चेन्नईत, उन्हाळ्याच्या तोंडावर. फेरीवाल्याकडे बहुधा तो एकच असावा, लोकरीचा, तपकिरी. तिथून बंगळूर, तिथून मिरज, मिरजेहून एसटी. सगळा प्रवास तो गळ्याला गुंडाळलेला. एसटीत शेजारच्या माणसाने विचारलं, “एवढ्या उकाड्यात?” काका म्हणाले, “घसा धरलाय.” विट्याच्या स्टँडवर उतरताना त्यांनी गाठ आणखी घट्ट केली. ओळखीचे दोघं भेटले, शेठ, कवा आला, लय वाळला की. त्यांची नजर गळ्यावर जाऊन मफलरवर अडकायची. मी पिशव्या घेऊन मागे उभी होते.

घरी काकीने पाण्याचा तांब्या दिला आणि मफलर सोडवला. उघड्या गळ्याकडे तिने एकदा बघितलं. टॉवेल ओला करून मान पुसली.

नंतर चुलीपाशी मी तिला चेनचं सांगायला गेले तर म्हणाली, “मला ठावं हाय गं. सोताची असती तर एक डाव तरी माझ्या हातात दिली असती. दरसाली येताना घालूनच यायचं, झोपताना उशाखाली ठिवायचं, जाताना घालूनच जायाचं. माणूस आपली वस्तू असा सांभाळतो का?” भाकरी उलटत ती पुढे म्हणाली, “सगळ्या बायास्नी ठावं हाय. कोण बोलत न्हाई. बोलून कुणाच्या गळ्यात घालायचं?”

यात्रा आली. काका आता दारात खुर्चीवर बसतात. उठून न्हाणीपर्यंत जायचं तरी मध्ये भिंतीला टेकावं लागतं. गोळ्या चालू आहेत, भट्टी बंद आहे, आणि डॉक्टर बाई म्हणाल्या तसं गेलेलं परत आलेलं नाही. मी त्या दिवसांत गलाईवर पत्रक काढलं. यात्रेत वाटलं. गलाईवाल्या दोन घरांनी ते माझ्यासमोर फाडलं, आणि आमच्याच भावकीतला एकजण माझ्या बापाला म्हणाला, पोरीला आवर, धंदा बसवंल सगळ्यांचा.

पालखी दारावरून पुढे गेल्यावर शहरातून आलेली माणसं पाया पडायला घरोघर फिरतात. आमच्या दारात खालच्या आळीतला एकजण आला. मागच्याच वर्षी लग्न झालेलं, काकांच्या जागी भट्टीवर गेलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि शर्टावर ती चेन. वाकला तेव्हा फाशाजवळचा काळा दोरा मला दिसला. काकांना आधीच दिसला होता.

आजूबाजूला माणसं होती. त्याची बायकोही होती, नव्या साडीत. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो उचलायच्या आत गळ्याशी नेला आणि चेन बोटांनी जराशी उचलून बघितली.

“सॅनेटोरियमला जाताना ही काढून ठिव,” ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तेवढ्याने दम लागला. थांबले. “एक्सरेला काढायला लागतीच. उगं कुणाच्या हातात द्यायची पाळी नगं.”

तो गोंधळून हसला. “ते काय ओ काका? कुठं हाय ते?”

“बीचवरनं लोकल हाय. तांबरमच्या अलीकडं.” पुन्हा दम. “घाबरू नगं. पाटी आपल्या अक्षरात हाय.”

कुणी हसलं नाही. तो उभा राहिला, आणि उभा राहताना त्याने चेन शर्टाच्या आत सरकवली. त्याच्या बायकोने ते बघितलं. मग दोघं पुढच्या दाराला गेली, आणि पुढच्या दाराशी पोचेपर्यंत चेन परत बाहेर होती.